धाकटी नदी का थांबली?

पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. ऊन इतकं लख्ख पडलं होतं की शेजारच्या हौसाक्कांनी आठवडाभर दमट राहिलेल्या गोधड्या कुंपणावर वाळत घातल्या होत्या. आणि नेमकं त्याच सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, ऊद नदीतून बाहेर आला. त्याने अंग झाडलं आणि आपल्या नेहमीच्या शांत आवाजात तो म्हणाला, "घाटगल्लीतल्या सर्वांनी दुपारी तीनच्या आत घरं सोडावीत. पूर येत आहे."

आम्ही सगळे नदीकडे बघायला लागलो. आकाशात ढग नव्हता. नदी भरलेली होती खरी, पण तिला धार नव्हती. चार दिवसांपूर्वी झाडाच्या फांद्या ओढून नेणारं तेच पाणी आता तलावासारखं गप्प पडलं होतं. मग पूर येणार तरी कुठून?

ही २०४६ सालची गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमचं गाव कुरणवाडी. गावाला लागून एक लहान नदी वाहायची. नकाशात तिचं नाव वेगळं होतं, पण आम्ही तिला धाकटी म्हणायचो. अकरा किलोमीटर पुढे जाऊन ती कृष्णेला मिळायची. कृष्णा म्हणजे अर्थातच थोरली.

ऊद हा गावाचा पाणयंत्रमानव (पाण्यात राहून काम करणारं, स्वतः हालचाल करणारं यंत्र). पाणमांजराला आमच्याकडे ऊद म्हणत, आणि तो दिसायचा अगदी तसाच, लांबट, चपट्या शेपटीचा. त्याच्या मिशा म्हणजे संवेदक (आजूबाजूच्या गोष्टी मोजून सांगणारी बारीक यंत्रं). पाण्याची खोली, वेग, गढूळपणा, सगळं त्या मिशांना कळायचं. आता तुमच्या घरांच्या भिंतीसुद्धा बोलतात आणि त्यांना कोणी पुसत नाही. ऊदला मात्र रोज पुसावं लागायचं. मिशांत शेवाळ अडकलं की तो चुकीचे आकडे सांगायचा. ते काम शाळेने माझ्याकडे दिलं होतं. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने मी एकेक मिशी पुसायचे आणि तो डोळे मिटून बसायचा. डोळे मिटायची त्याला काही गरज नव्हती. पण मिटायचा.

ऊदच्या आदल्या दिवशीच्या इशाऱ्यावरून गावातली बाकीची माणसं संध्याकाळपासूनच माळावरच्या शाळेत जायला लागली होती. घाटगल्लीची अकरा घरं तेवढी हलली नव्हती. कारण घाटगल्ली माझ्या आजोबांचं ऐकायची, यंत्राचं नाही.

माझ्या आजोबांचं नाव तवनाप्पा मगदूम. सगळे त्यांना आप्पाच म्हणत. नदीतून शेतांना पाणी उपसून देणारं मोटारघर त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलं होतं. मोटार कधी वर उचलायची, कधी खाली सोडायची, हे ते नदीकडे बघून सांगायचे. त्यांची एक रीत होती. पुरात ते ज्वारीचं वाळकं चिपाड पाण्यात टाकायचे आणि काठाने त्याच्या बरोबरीने चालत पावलं मोजायचे. चिपाड त्यांना मागे टाकून पळालं, तर पूर अजून चढायचा आहे. ते मागे रेंगाळलं, तर पूर दमला.

"आज चिपाड जाग्यावर गिरक्या घेतंय," आप्पा म्हणाले. "धार मेली. धार मेली की पूर मेला. चाळीस वर्षांत एकदा तरी चुकलोय का मी?"

"कधीच न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "आणि ह्या पत्र्याच्या मांजराचं ऐकून आता मी घर सोडू? गोधड्या वाळायच्यात माझ्या."

"पाण्याचा वेग शून्य आहे, हे बरोबर आहे," ऊद म्हणाला. "पण पातळी तासाला चार बोटं चढत आहे."

"चढंल आणि उतरंल. वरच्या ओढ्यांचं राहिलेलं पाणी असंल ते," आप्पा म्हणाले आणि गोठ्याकडे वळले.

तेवढ्यात आईचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला. माझी आई गावच्या विजेच्या ट्रकवर चालक होती. रात्रभर खेपा करून तिचे डोळे लाल झाले होते.

"आप्पा, माझी शेवटची खेप तीनला," ती म्हणाली. "साडेचारला ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जाणार आहे. मग इकडे गाडी येणार नाही, होड्याही सगळ्या खालच्या गावांत गेल्यात. तुम्ही अजून काहीच बांधलं नाही?"

"तू पोरीला घेऊन जा. म्हशी हायेत, मी हाय. ह्या घरातनं मला कुठंबी जायचं न्हाई."

"आणि मी तुम्हाला असं सोडून जाऊ?"

आप्पा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आई माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "वसू, तीनला तू गाडीत हवीस. आप्पा आले तर देव पावला. नाही आले, तरी तू हवीस."

ट्रक गेला. मी घाटाच्या पायरीवर जाऊन बसले आणि मला रडू यायला लागलं. आप्पांना एकट्याला ठेवून जायचं, ही कल्पनाच करवत नव्हती. ऊद माझ्या शेजारी येऊन बसला.

"वसुमती, मी खरं सांगितलं, तरी ते ऐकत नाहीत. माझं काय चुकलं?"

"तू नुसता आकडा सांगतोस," मी नाक पुसत म्हटलं. "असं का होतं ते सांगत नाहीस. मलासुद्धा कुठे कळलंय? आकाश निळं आहे. पाणी येणार कुठून?"

"थोरलीतून."

"तिकडे तरी कुठे पाऊस आहे?"

"परवा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर, इथून दीडशे किलोमीटरवर. डोंगरात पडलेलं पाणी झऱ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, असं वाटेत थांबत, पसरत येतं. परवाचा पाऊस आज थोरलीतून संगमावर पोहोचतो आहे."

"पण थोरली आपल्या गावातून जातच नाही."

"नाही जात. मला सांग, तुमची शाळा सुटली आणि पुढचं फाटक बंद असलं, तर काय होईल?"

"पुढची मुलं थांबतील."

"आणि मागची?"

"ती वर्गातून येतच राहतील की!"

"मग कोणी पळत नाही, कोणी चालत नाही. सगळे उभे. पण पटांगणातली मुलं वाढतील की कमी होतील?"

"वाढतील," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मी खाली बघितलं. समोरची नदी उभी होती. एकही लाट नाही. आणि मघाशी मी जिच्यावर पाय ठेवले होते ती पायरी आता पाण्यात होती.

ऊद म्हणाला, "पाणी वाहतं ते पातळीच्या उतारामुळे. इथली पातळी उंच आणि संगमावरची खाली असेल, तोवर धाकटी थोरलीकडे धावते. आता थोरलीच इतकी चढली आहे की हा फरक जवळजवळ संपला. धाकटीला पुढे जाता येत नाही. मागून तर पाणी येतच आहे. ते इथेच साचतं. याला फूग म्हणतात (मोठी नदी चढल्यामुळे लहान नदीत मागे मागे तुंबत जाणारं पाणी)."

"फूग? हा शब्द आप्पांना माहीत आहे!"

मी धावत गोठ्यात गेले आणि धापा टाकत आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा हसले.

"अगं, फूग मला शिकवतीस? तळवडीला दर दोन-चार वर्षांनी फूग येती. पण तळवडी चार किलोमीटर खाली हाय. आमच्या गावापतोर फूग आलेली माझ्या आज्यानंबी बघितलेली न्हाई. तिची हद्द तळवडीच्या वडापतोर."

"पण हद्द कोणी ठरवली?" मी विचारलं.

"कुणी ठरवली म्हंजे? हायच ती."

बाहेर येऊन मी ऊदला विचारलं, "फुगीला हद्द असते का?"

"असते. पण ती वडाजवळच राहील असं नाही. थोरली जितकी उंच, तितकी फूग लांब मागे जाते. माझ्याजवळ संगमाचे सगळे आकडे आहेत. सांगू का त्यांना?"

"नको!" मी म्हटलं. "आकडे नकोत. त्यांना पाणीच दाखवायला हवं."

आमच्या गोठ्यासमोर म्हशींना पाणी पाजायची दगडी डोण होती. माणूस आडवा झोपेल इतकी लांब, चांगली खोल. त्या दिवशी ती रिकामीच होती. छपराची एक सुटलेली पन्हळ भिंतीला टेकून ठेवलेली होती. पावसाचं पाणी वाहून नेणारी, अर्धगोल, पत्र्याची. मी ती ओढत आणली आणि डोणीत तिरकी ठेवली. एक टोक डोणीच्या तळाला टेकलं, दुसरं समोरच्या काठावर वर आलं. मग चुलीतला कोळसा घेऊन पन्हळीच्या आत चार खुणा केल्या.

"हे गं काय मांडलंस?" हौसाक्का कुंपणावरून डोकावल्या.

"ही पन्हळ म्हणजे धाकटी. तळातली खूण म्हणजे संगम. त्याच्या वर तळवडी. ही तिसरी आपली कुरणवाडी. आणि सगळ्यांत वरची माळगाव."

"आणि थोरली कुठाय?"

"थोरली तुम्ही व्हा. बादली भरून ठेवा."

"घ्या! ह्या वयात मला नदी केलं पोरीनं," हौसाक्का म्हणाल्या, पण बादली आणायला गेल्या. गल्लीतली आणखी चार माणसं जमली. गलका ऐकून आप्पाही गोठ्याच्या दारात आले.

"आप्पा, चिपाडाचे तुकडे तुम्ही सोडा," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणी सोडलेलं तुम्हाला पटायचं नाही."

ते जागचे हलले नाहीत. मग काय वाटलं कोण जाणे, खिशातलं चिपाड काढून त्यांनी त्याचे बोटभर तुकडे केले आणि पन्हळीजवळ उकिडवे बसले.

मी वरच्या टोकाला तांब्याने बारीक धार धरली. आप्पांनी तुकडा सोडला. तो सुर्रकन गेला आणि तळाला आपटला.

"हा नेहमीचा दिवस," मी म्हटलं. "आता हौसाक्का, थोरलीला थोडं पाणी येऊ द्या."

त्यांनी डोणीत दोन बादल्या ओतल्या. डोण तळाशी भरली आणि पन्हळीचं खालचं टोक बुडालं. आप्पांनी दुसरा तुकडा सोडला. तो वरून पळत आला, तळवडीच्या खुणेजवळ पोहोचला, आणि थांबला. तिथल्या तिथे गिरक्या घ्यायला लागला.

"बघ, तळवडीची फूग," आप्पा म्हणाले. "मी सांगितलं तेच."

"अजून पाणी, हौसाक्का."

"अगं हात गळाले माझे!"

"थोरली दमत नसती," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. हौसाक्कांनी आणखी चार बादल्या ओतल्या. वरून माझी धार मात्र तेवढीच होती, बारीक. ती मी जराही वाढवली नाही. आप्पांनी तिसरा तुकडा सोडला.

या वेळी तो तळवडीपर्यंत गेलाच नाही. कुरणवाडीच्या काळ्या खुणेजवळ त्याचा वेग गेला. तो आडवा झाला आणि हळूहळू फिरू लागला, अगदी त्या सकाळच्या चिपाडासारखा.

गल्लीतली माणसं जवळ सरकली.

"धार मेली," मी म्हटलं. "आता खुणेकडे बघा, आप्पा."

आप्पा वाकले. कोळशाची खूण पाण्याच्या काठावर होती. हौसाक्का सावकाश, चूळभर चूळभर पाणी ओतत होत्या. काही वाहत नव्हतं, काही आवाज नव्हता. तुकडा तिथल्या तिथे फिरत होता आणि फिरता फिरता तोच वर चढत होता. खूण अर्धी बुडाली. मग पूर्ण बुडाली.

आप्पांचा चेहरा बघवत नव्हता. चाळीस वर्षं ज्या चिपाडावर विसंबलो त्याने आज दगा दिला, हे त्या वयात मान्य करणं किती जड असतं, ते मला आता कळतं. मग त्यांनी ऊदकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्याशी नीट बोलले.

"थोरली किती हाय संगमावर?"

"आजवरच्या सगळ्यांत मोठ्या पुराच्या वर, एक हात. आणि अजून चढते आहे."

"म्हंजे चिपाड खोटं न्हवतं बोलत," आप्पा हळूच म्हणाले. "धार मेली एवढंच त्यानं सांगितलं. पूर मेला, हे माझं मी म्हणालो."

ते उठले, धोतर झटकलं, आणि गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज दिला. "चला रे! बांधा सगळं! जनावरं आधी!"

पुढचे दोन तास कसे गेले, सांगता येणार नाही. बियाण्याचं पोतं माळ्यावर गेलं. औषधं, कागदपत्रं एका डब्यात गेली. हौसाक्का अर्धवट वाळलेल्या गोधड्या गुंडाळत गल्लीला घाई करत होत्या, आणि सगळ्यांत उशीर त्यांनाच झाला. मला मात्र दारातली तुळस उचलवेना. कुंडी जड होती. आईने येऊन ती न बोलता ट्रकमध्ये ठेवली. आप्पांनी म्हशी चढवल्या, मग परत जाऊन दाराला कुलूप लावलं, आणि दारावर क्षणभर तळहात टेकवला.

बाकीची बहुतेक घरं आधीच्या खेपांत गेली होती; पावणेतीनला शेवटच्या खेपेत आम्ही निघालो. ओढ्यावरच्या पुलाशी पाणी फळ्यांच्या खाली जेमतेम सात-आठ बोटांवर आलं होतं. खळखळ नाही, फेस नाही. ट्रकची सावली पाण्यात अगदी स्पष्ट दिसत होती. आईने बाहेर बघितलं नाही. पूल ओलांडून गेल्यावर तिने स्टिअरिंगवरचा एक हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

शाळेच्या पटांगणात उतरल्या उतरल्या आप्पांनी फोन मागितला. माळगावला त्यांचा जुना दोस्त होता, मोटारघरावरचाच. फूग आता त्यांच्याकडे सरकणार, हे आप्पांनी पन्हळीवर बघितलं होतं.

"नेमगोंडा, कुठं बसलास? काठावर? धार मेलीय न्हवं? मग उठ आता... अरे, ऐक तरी! ... न्हाई, मला वेड लागलेलं न्हाई... हद्द कुणी ठरवली, सांग बरं मला?"

अर्धा तास ते भांडत होते. पण संध्याकाळी माळगावची माणसं येऊ लागली. पहिल्या गाडीत नेमगोंडा आजोबा होते, तोंड फुगवून बसलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशातून काढलेलं चित्र शाळेच्या पडद्यावर आलं. आमच्या गल्लीत खिडक्यांपर्यंत पाणी होतं, आणि ते इतकं स्थिर होतं की त्यात निळं आकाश दिसत होतं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी माझ्या खोलीची खिडकी शोधत होते. हौसाक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं पाणी मी एकटीनं ओतलं व्हय!" आणि रडणाऱ्या माणसांना हसू फुटलं.

नऊ दिवसांनी परतलो. गुडघाभर गाळ, भिंतींना ओल, फुगून आडवी झालेली कपाटं. आठवलं की अजूनही तो वास नाकात येतो. पण अकरा घरांतलं एकही माणूस, एकही जनावर कमी झालं नव्हतं.

पूर येऊन गेला की पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ भिंतीवर मारायची, ही आमच्या भागाची जुनी पद्धत. त्या वर्षी आप्पांनी रेघ मारली नाही. ते ऊदला घेऊन अंगणात बसले आणि त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "संगमावर थोरली किती चढली की फूग माझ्या उंबऱ्याला लागंल?" ऊदने घराची उंची मोजली, हिशोब केला आणि आकडा सांगितला. "त्यात दोन हात कमी कर, निघायला वेळ पायजे," आप्पा म्हणाले. मग तो आकडा त्यांनी लाल रंगाने दाराच्या चौकटीवर लिहिला. पुढच्या महिन्याभरात सगळ्या घरांवर आपापला आकडा लागला. उताराच्या घराला लहान, चढावरच्या घराला मोठा. थोरली त्या आकड्याला आली की कुलूप लावायचं. नदी बघत बसायचं नाही.

त्यानंतर मी पाण्याचंच शिक्षण घेतलं आणि कितीतरी नद्यांच्या काठच्या गावांत असे आकडे लिहीत फिरले. कुरणवाडीला पुढे तीन मोठे पूर आले. तिन्ही वेळा गल्ली पाण्याच्या आधी निघाली. तिसऱ्या वेळी हौसाक्का नव्वदीच्या पुढे गेल्या होत्या. ट्रकमध्ये सगळ्यांच्या आधी त्याच चढून बसल्या, चालकाच्या शेजारी, मांडीवर गोधडी घेऊन. आणि मागे राहिलेल्या तरण्याताठ्या माणसांना ओरडून सांगत होत्या, "अरे, कडी-कुलपं लावायला किती वेळ लावता? पाणी काय तुमच्यासाठी थांबणार हाय?"